प्रकाश कां मोडतो? : एका दृष्टांताचें परीक्षण

मराठी मासिकांतून काव्याचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें, कादंबरीचें तर वाजवीपेक्षां अधिक होतें. कवीची एखादी उपमा ओढूनताणून आणलेली दिसली कीं टीकाकार तिच्यावर तुटून पडतात. परंतु शास्त्रीय विषय सुबोध करून सांगणाऱ्या लेखकांच्या उपमांकडे त्यांची दृष्टि सहसा वळत नाहीं. वास्तविक पाहतां कवीची उपमा फसली तर एक श्लोक फसतो. शास्त्रलेखकाची उपमा फसली तर वाचकाची समजूतच फसते, आणि ती फसली आहे हें त्याला कित्येकदां जन्मभर कळतही नाहीं. म्हणून अशा एका उपमेचें, किंबहुना एकाच विषयावरील उपमांच्या एका संपूर्ण घराण्याचें, परीक्षण करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे. विषय आहे एका पारदर्शक पदार्थांतून दुसऱ्यांत शिरतांना प्रकाशाच्या मार्गाला पडणाऱ्या मोडीचा.

वस्तुस्थिति सर्वांच्या परिचयाची आहे. पातेल्याच्या तळाशीं नाणें ठेवून तें कांठाआड दिसेनासें होईपर्यंत मागें सरावें, आणि दुसऱ्या कोणी पातेल्यांत हलकेंच पाणी ओतावें. नाणें जागचें हललें नसतांही पुन्हां दिसूं लागतें. भरलेल्या हौदांत वरून डोकावलें तर तळ खऱ्या खोलीच्या सुमारें पाऊण खोलीवरच आहे असें वाटतें. पृष्ठभागाशीं काटकोनांत काढलेल्या लंबाशीं एखादा किरण हवेंत ४५ अंशांचा कोन करीत असेल, तर पाण्यांत शिरल्यावर तो सुमारें ३२ अंशांचा करतो. किती मोडतो याचा नियमही ठाऊक आहे. त्रिकोणमितींत कोनाची ‘ज्या’ म्हणून जें माप घेतात, तें या दोन कोनांचें घेतलें तर त्यांचें गुणोत्तर नेहमीं कायम राहतें. हवा आणि पाणी यांच्यासाठीं तें सुमारें १.३३, हवा आणि साधी कांच यांच्यासाठीं सुमारें १.५, आणि हिऱ्यासाठीं सुमारें २.४२ आहे. हा नियम इ. स. ९८४ च्या सुमारास बगदाद येथील इब्न सह्ल याच्या ग्रंथांत आढळतो. हॉलंडांत स्नेल यानें तो १६२१ च्या सुमारास स्वतंत्रपणें शोधला, आणि देकार्त यानें १६३७ सालीं छापून प्रसिद्ध केला. ‘किती’ या प्रश्नाचें उत्तर असें मिळून चुकलें आहे. आमचा प्रश्न ‘कां’ हा आहे.

या ‘कां’चें उत्तर म्हणून शालेय पुस्तकांत आणि लोकसुलभ व्याख्यानांत एक पलटण हटकून येते. सैनिकांची एक सरळ रांग पक्क्या जमिनीवरून कूच करीत तिरपी चिखलांत शिरते. ज्या टोकाचे सैनिक आधीं चिखलांत पोंचतात त्यांची चाल मंदावते. दुसऱ्या टोकाचे अद्याप कोरड्या जमिनीवर असल्यामुळें भराभर पुढें येतात. त्यायोगें सगळी रांग वळते. प्रकाशही पाण्यांत हळू चालतो, म्हणून तोही तसाच वळतो. झालें स्पष्टीकरण! या उपमेचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. मोड कोणत्या बाजूस पडते हें ती बरोबर सांगते. वेग आणि दिशा यांचा संबंध आहे हें मुलाच्या डोळ्यांसमोर उभें करते. आणि ती एकदां ऐकली कीं विसरत नाहीं. हा शेवटचा गुणच आम्हांस अधिक चिंताजनक वाटतो.

आपल्या न्यायशास्त्रानें अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नि आहे ही प्रतिज्ञा. तेथें धूर आहे हा हेतु. आणि जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. या मांडणींत स्वयंपाकघराला मान आहे, परंतु तो तिसरा आहे. हेतूवांचून केवळ स्वयंपाकघर पुढें करून कोणी डोंगरावरील आग सिद्ध करूं लागला, तर वादसभेंत त्याला कोणी क्षणभरही उभें राहूं देणार नाहीं. पलटणीचा दृष्टांत सांगणारे लेखक नेमकें हेंच करतात. त्यांच्या पुस्तकांत उदाहरण आहे. हेतूची जागा रिकामी आहे.

ती रिकामी आहे हें चौकस मुलाच्या ध्यानांत ताबडतोब येतें. तें विचारतें : चिखलांत शिरलेला सैनिक हळू होईल हें खरें, पण तो तोंड कां फिरवील? एकटा सैनिक चिखलांत शिरला तर तो हळूहळू, परंतु सरळच जाईल. रांग वळते ती शेजाऱ्याला सोडूं नये असा हुकूम असतो म्हणून. प्रकाशाला हा हुकूम कोणीं दिला? दुसरा प्रश्न : पाण्यांतील हा चिखल म्हणजे काय? पाणी तर प्रकाशाला निर्वेध वाट देतें, म्हणूनच आपण त्याला पारदर्शक म्हणतों. तिसरा : खिडकीच्या कांचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकीं तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेंकडा सुमारें चार भाग परत फिरतो, म्हणून तर रात्रीं कांचेंत घरांतला दिवा दिसतो, मग पलटणींतले कोणते सैनिक चिखल पाहून माघारे येतात? आणि चौथा : लोलकांतून जातांना जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षां अधिक मोडतो, तर गणवेशाच्या रंगाप्रमाणें चिखल कमीजास्त लागतो काय? या चारांपैकीं एकाही प्रश्नाला दृष्टांताजवळ उत्तर नाहीं. अशा वेळीं वर्गांत बहुधा, परीक्षेला इतकें पुरे, असें सांगितलें जातें. आणि ज्या मुलानें खरें शास्त्र सुरू केलें होतें तेंच खालीं बसतें.

कोणी म्हणेल, उपमेनें उत्तर बरोबर येतें ना? मग एवढी चिकित्सा कशाला? या आक्षेपाला इतिहासानेंच उत्तर दिलें आहे. दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें टॉलेमी यानें हवेंतून पाण्यांत जाणाऱ्या किरणाचे कोन कोष्टकांत मांडले. हवेंत १० अंश तर पाण्यांत ८, २० तर साडेपंधरा, ३० तर साडेबावीस, असें करीत ८० ला ५०. प्रत्येक पायरीची वाढ आधीच्या वाढीहून बरोबर अर्ध्या अंशानें कमी! निसर्ग इतका हिशेबी नसतो. ८० अंशांना खरें उत्तर साडेसत्तेचाळीसच्या आसपास येतें. एका नीटस आंखणीच्या मोहानें आंकडे तिच्या मापाचे झाले, असेंच कोष्टक वाचणारास वाटतें. पुढें देकार्त यानें किरणाला चेंडूची उपमा दिली. कापड फाडून पलीकडे जाणारा चेंडू हळू होतो. परंतु हळू झालेला चेंडू लंबापासून दूर वळतो, आणि प्रकाश तर पाण्यांत लंबाकडे वळतो. तेव्हां त्याला पृष्ठभागावर चेंडूला आणखी एक फटका मारणारी कल्पित फळी उभी करावी लागली. शिवाय प्रकाश क्षणमात्रही न लागतां पोंचतो असें त्याचें मत असतां, त्यानें उपमा घेतली ती मात्र वेगाची.

न्यूटनची कल्पना याहून पुष्कळच भारदस्त होती. प्रकाश म्हणजे सूक्ष्म कण. पाण्याजवळ येतांच पाणी त्यांना आपल्याकडे ओढतें. पृष्ठभागाला समांतर असलेली गति तशीच राहते, आंत नेणारी गति वाढते, म्हणून कण लंबाकडे वळतो. यावरून ‘ज्या’चा नियम अगदीं तंतोतंत निघतो, न्यूटननें तो १६८७ च्या आपल्या महाग्रंथांत काढून दाखविला आहे. परंतु या कल्पनेप्रमाणें प्रकाश पाण्यांत हवेपेक्षां जलद गेला पाहिजे. यंग आणि फ्रेनेल यांच्या प्रयोगांमुळें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तज्ज्ञांचा कल तरंगवादाकडे झुकूं लागला होता. तरी प्रत्यक्ष निकाल लागला तो १८५० सालीं, जेव्हां पॅरिस येथें फूको यानें फिरत्या आरशाच्या साहाय्यानें प्रकाश पाण्यांत हवेपेक्षां हळू जातो असें दाखविलें. म्हणजे नियम बरोबर, आंकडे बरोबर, आणि कारण साफ उलटें, अशी स्थिति १६३ वर्षें टिकली. उत्तर जुळलें म्हणजे कारण सांपडलें असें मानणारांनीं हें प्रकरण दृष्टीआड करूं नये.

याच मालिकेंत फर्मा याचें १६६२ चें तत्त्व येतें : दोन बिंदूंमधून जातांना प्रकाश कमींत कमी वेळाचा मार्ग धरतो. गणित म्हणून हें इतकें सुंदर आहे कीं त्याला उपमा म्हणण्यास जीभ रेटत नाहीं. परंतु त्याच वर्षीं देकार्तचा अनुयायी क्लेर्सलिये यानें आक्षेप घेतला, कीं हें तत्त्व नीतीचें झालें, भौतिक कारणाचें नव्हे. निसर्ग कांहीं पुढचा विचार करून पाऊल टाकीत नाहीं. आमच्या मतें हा आक्षेप त्या काळीं अगदीं रास्त होता. निघण्यापूर्वींच सर्व वाटांचा हिशेब करून किरण निघतो असें म्हणणें म्हणजे किरणाला कारकून करणें होय. त्याचा परिहार फार उशीरां झाला. लाट एकाच वाटेनें जात नाहीं, सर्व वाटांनीं जाते. जेथें शेजारच्या वाटांना जवळजवळ सारखाच वेळ लागतो तेथें लाटा एकमेकींस पोषक होतात, इतरत्र त्या एकमेकींस पुसून टाकतात. किमान वेळाची वाट निवडलेली नसते. ती उरलेली असते.

मग हेतु कोणता? त्याचे दोन भाग आहेत, आणि बहुतेक गोंधळ ते एकत्र कालवल्यामुळें होतो. पहिला भाग असा : पाण्यांत प्रकाशाच्या लाटांचे माथे जवळ जवळ येत असतील, तर दिशा कां बदलावी? दुसरा असा : मुळांत ते जवळ कां येतात?

पहिल्या भागाचा पाया हायगेन्स यानें १६९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधांत घातला. त्याच्यासाठीं दृष्टांत हवाच असेल तर आम्ही पलटणीऐवजीं शिंपीकाम सुचवूं. पट्ट्यापट्ट्यांचें एक कापड तिरपें कापलें आहे; त्याला दुसरें पट्ट्यांचेंच कापड जोडावयाचें आहे, परंतु या दुसऱ्याचे पट्टे अधिक अरुंद आहेत. शिवणीवर प्रत्येक पट्टा पट्ट्याला मिळालाच पाहिजे. दोन्ही कापडें एकाच तिरकसपणानें धरलीं तर पट्टे चुकतील. अरुंद पट्ट्यांचें कापड फिरवून पट्टे शिवणीशीं अधिक समांतर केले तरच जुळतील. किती फिरवावें हें मापून पाहिलें तर बरोबर ‘ज्या’चा नियम हातीं येतो. पट्टे म्हणजे लाटांचे माथे, शिवण म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग, आणि किरण म्हणजे पट्ट्यांना काटकोन करणारी दिशा. पट्टे जुळलेच पाहिजेत, कारण पृष्ठभागावरील एकाच बिंदूशीं हवेकडून सेकंदास जितके माथे येतात, तितकेच पाण्याकडे गेले पाहिजेत. मध्यें माथा हरवण्यास किंवा नवा उपजण्यास जागाच नाहीं. येथें हुकूम नाहीं, शेजाऱ्याचा धाक नाहीं. केवळ जुळणी आहे.

या दृष्टांताची कसोटी आणखी एका ठिकाणीं घेतां येते. उलट दिशेनें, म्हणजे अरुंद पट्ट्यांकडून रुंद पट्ट्यांकडे, जोडूं लागलें आणि अरुंद पट्टे फारच उभे असले, तर शिवणीवर ते इतके दाट पडतात कीं रुंद पट्ट्यांचें कापड कसेंही फिरवलें तरी जुळत नाहीं. पाण्यांतून वर येणारा किरण लंबाशीं सुमारें साडेअठ्ठेचाळीस अंशांहून अधिक तिरपा असेल तर तो हवेंत जातच नाहीं, सबंध परत फिरतो, याचें कारण हेंच. पाण्यांत बुडी मारून वर पाहणारास त्या कोनापलीकडे पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. दृष्टांतानें जें सांगावयास त्याला आणलें होतें त्याहून अधिक आपण होऊन खरें सांगितलें, तर तो हेतूच्या जवळचा समजावा. तरीही तो कोठें संपतो हें सांगणें आमचें कर्तव्य आहे : पाण्याकडचे पट्टे अरुंद कां, याबद्दल कापडाला कांहीं ठाऊक नाहीं.

तो दुसरा भाग. पोकळींत प्रकाश सेकंदास सुमारें २,९९,७९२ किलोमीटर जातो. पाण्यांत त्याचा हिशेब सुमारें सव्वादोन लाखांवर येतो. परंतु पाण्याच्या रेणूंच्या मधल्या जागेंत तरी चिखल कोठें आहे? तेथें पोकळीच आहे. खरा प्रकार असा कीं, प्रकाश ही विद्युत्-बलाची लाट आहे. ती येतांच रेणूंतील इलेक्ट्रॉन तिच्या तालावर थरथरूं लागतात, आणि थरथरणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच त्याच तालाची नवी लाट चहूंकडे पाठवितो. मूळ लाट आणि या असंख्य नव्या लाटा, सगळ्या पोकळींतल्या वेगानेंच जातात. परंतु आपल्यापर्यंत पोंचते ती त्यांची बेरीज. पुढच्या दिशेनें नव्या लाटांचा मेळ मूळ लाटेच्या किंचित् मागें पडतो, म्हणून बेरजेचे माथेही किंचित् मागें सरतात. पदार्थाच्या प्रत्येक थरांत हें मागें पडणें सांठत जातें. या सांठलेल्या विलंबालाच आपण ‘प्रकाश हळू झाला’ असें म्हणतों. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्ट्झ यानें, आणि १९१२ ते १९१६ च्या दरम्यान एवाल्ड व ऊसेन यांनीं हें गणितानें मांडलें. मूळ दिशेची लाट नव्या लाटांच्याच एका भागानें पुसली जाते आणि मोडलेल्या दिशेची लाट उरते, असें त्यांतून निघतें. कॅलिफोर्नियांत १९६१ ते १९६३ या काळांत दिलेल्या आपल्या व्याख्यानांत फाइनमन यानें याच विषयाला एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. विद्यार्थ्यांस फसविल्यावांचून सोपें कसें लिहावें याचा तो उत्तम नमुना होय.

आतां मुलाचे राहिलेले प्रश्न आपोआप सुटतात. चिखल म्हणजे थरथरणारे इलेक्ट्रॉन. नव्या लाटा मागेंही जातात. त्या पदार्थाच्या पोटांत एकमेकींस पुसतात, परंतु पृष्ठभागाशीं थोड्या शिल्लक राहतात. तोच कांचेवरून परत फिरणारा प्रकाश. रंगाचें म्हणाल तर झोपाळा आठवावा. त्याच्या स्वतःच्या तालाच्या जितक्या जवळच्या तालानें ढकलावें, तितका तो उंच जातो. कांचेंतील इलेक्ट्रॉनांचा स्वाभाविक ताल जांभळ्याच्याही पलीकडे आहे; म्हणून जांभळा प्रकाश त्यांना तांबड्यापेक्षां जास्त हलवितो, आणि अधिक मोडतो. हवेचे रेणू विरळ व अव्यवस्थित असल्यानें बाजूस जाणाऱ्या नव्या लाटा पूर्ण पुसल्या जात नाहींत; उरतात त्यांचा आकाशाला निळा रंग येतो. हवेचें मोडणें आणि आकाशाचा निळेपणा यांचा हिशेब एकच आहे, हें रॅले यानें १८९९ सालीं दाखविलें. उलट क्ष-किरणांचा ताल बहुतेक इलेक्ट्रॉनांच्या स्वाभाविक तालाहून फार वरचा. तेथें कांचेंतले माथे मागें न पडतां पोकळींतल्यापेक्षांही किंचित् पुढें सरतात, जरी कोणताही संदेश त्यामुळें अधिक लवकर पोंचत नाहीं. रस्त्याहून चिखलांत जलद चालणारी पलटण कोणत्या पुस्तकांत आहे?

अलीकडे पलटणीची जागा दुसरा एक दृष्टांत घेऊं लागला आहे : प्रकाशकणाला अणु गिळतो, थोडा वेळ धरून ठेवतो व पुन्हां सोडतो, म्हणून उशीर होतो. हा आधुनिक वेषांतला जुनाच दोष आहे. अशा रीतीनें गिळलेला प्रकाश अणु वाटेल त्या दिशेस सोडील. मग कांचेपलीकडचा चेहरा आपल्याला स्पष्ट कसा दिसेल? शिवाय अणु गिळतो ते ठराविक रंग. आणि कांच पारदर्शक आहे ती दृश्य रंग गिळीत नाहीं म्हणूनच.

जातां जातां परिभाषेविषयीं दोन शब्द. शालेय पुस्तकांत पूर्वीं ‘वक्रीभवन’ असे, हल्लीं ‘अपवर्तन’ आहे, आणि मराठी विश्वकोशानें ‘प्रणमन’ स्वीकारलें आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशीं किरण वक्र होत नाहीं, तेथें कोन पडतो; वक्र होतो तो थराथरानें विरळ होत जाणाऱ्या वातावरणांत. क्षितिजाशीं ही वक्रता सुमारें ३४ कलांची असते, आणि सूर्याचें बिंब सुमारें ३२ कलांचें. म्हणून समुद्राला नुकतेंच टेकलेलें बिंब आपण पाहतों तेव्हां भूमितीच्या हिशेबानें सूर्य मावळलेला असतो. ‘अपवर्तन’ म्हणजे दूर वळणें. पण पाण्यांत शिरणारा किरण तर लंबाच्या जवळ वळतो, आणि आपल्या जुन्या गणितांत हा शब्द अपूर्णांकाला संक्षेप देण्यासाठीं योजलेला आहे. ‘प्रणमन’ त्यांतल्या त्यांत गोड, परंतु बाहेर पडतांना नमस्कार उलटा होतो. आम्ही यांपैकीं कोणत्याही शब्दासाठीं भांडूं इच्छीत नाहीं. नांव हें नांव आहे. त्यालाच कारण समजूं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

उपमा टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यावांचून शिकविणें अशक्य आहे, आणि हा लेखही कापड व झोपाळा यांच्या आधारानेंच येथवर आला. आमचें मागणें तिहेरी आहे : हेतु आधीं सांगावा, उपमा त्याच्या मागून यावी, आणि ती कोठवर चालते हें लेखकानें स्वतः होऊन सांगावें. अमुक पुढचें या पुस्तकांत नाहीं, असें एक वाक्य लिहिण्यास फार तर एक ओळ लागते. परंतु त्या ओळीमुळें मुलाचा प्रश्न जिवंत राहतो. पुरेसें कारण मिळालें आहे आणि पुरेसें वाटूं लागलें आहे, यांतील भेद ज्याला लहानपणीं कळला, तो पुढें व्यासपीठावरील वक्त्याचे दृष्टांतही तपासून घेतो. ज्याला तो कळला नाहीं, त्याला कोणतीही पलटण कोणत्याही चिखलांतून नेऊं शकते.